मे महिन्यातले रक्तदान शिबिर: माझा अनुभव

एप्रिल-मे महिन्यांत महाविद्यालयांना सुट्टी लागते, लोक गावी जातात आणि रक्तकेंद्रांतील साठा नेमका तेव्हाच खालावतो, म्हणून आमच्या स्वयंसेवक गटाने मे महिन्यातच शिबिर घेण्याचे ठरवले. तारीख मात्र रक्तकेंद्राला विचारून घेतली, कारण रक्त गोठायला मदत करणारा प्लेटलेट्स हा रक्तातला घटक जेमतेम पाच दिवस टिकतो आणि एकाच आठवड्यात परिसरात अनेक शिबिरे झाली तर रक्त वाया जाण्याची भीती असते.

फलक लावले, संदेशही पाठवले. पण माणसे जोडली गेली ती घरोघरी जाऊन बोलल्यामुळेच. अशक्तपणा येतो का, वजन किती लागते, हे प्रश्न सोपे होते. खरा अडसर होता तो जवळजवळ प्रत्येक इमारतीत कोणीतरी विचारलेल्या एका प्रश्नाचा: ‘आम्ही फुकट देतो, मग रुग्णाकडून पैसे का घेतात?’ हा प्रश्न टाळणाऱ्या गटावर लोकांनी विश्वास ठेवू नये, असेच मला वाटते. रक्ताची किंमत घेतली जात नाही, तर एचआयव्ही, कावीळ बी व सी, गुप्तरोग आणि मलेरिया यांच्या चाचण्या, घटक वेगळे करणे आणि साठवण यांचा प्रक्रिया खर्च आकारला जातो, हे आम्ही सांगत असू. थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराच्या मुलांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागते आणि त्यांना ते मोफत द्यावे असा नियम आहे, हेही सांगत असू. एवढे ऐकल्यावर काही काका-काकूंनी स्वतःहून शेजाऱ्यांची दारे वाजवली.

एका हितचिंतकाने प्रत्येक रक्तदात्याला भेटवस्तू देण्याची तयारी दाखवली होती. आम्ही ती नम्रपणे नाकारली, कारण वस्तूच्या आशेने येणारा माणूस आपला आजार लपवण्याची शक्यता असते आणि त्याची झळ रुग्णाला बसते.

शिबिराच्या दिवशी हिमोग्लोबिन १२.५ ग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी भरल्याने अनेक महिलांना परत जावे लागले. त्यांच्यासाठी आम्ही वेगळे टेबल मांडले होते. तिथे डॉक्टर त्यांच्याशी आहार व उपचारांविषयी निवांत बोलत होत्या. रक्तदान न करता आल्याने खट्टू झालेल्या माणसाशी कोणी नीट बोलले नाही, तर ते घर पुढच्या वेळी दार उघडत नाही.

त्यानंतर किती पिशव्या जमल्या आणि त्या कोणत्या केंद्राकडे गेल्या, हे आम्ही प्रत्येक इमारतीच्या सूचनाफलकावर लावले. पुरुषांना ९० आणि महिलांना १२० दिवसांनी पुन्हा रक्त देता येते. त्यानुसार आम्ही दोन वेगळ्या याद्या केल्या असून गणेशोत्सवाच्या सुमारास पहिल्या यादीतल्या दात्यांना फोन करणार आहोत.