उरलेलं कोणाचं?

ट्रस्ट डीड, म्हणजे मालमत्ता कोणी कोणासाठी सांभाळायची याचा कागद, हातात आलं की मी आधी शेवटाकडचं कलम वाचतो: लाभार्थी गेल्यावर उरलेली रक्कम कोणाला? देवगडच्या काकींना धाकट्या मुलासाठी ट्रस्ट करायचा होता. त्यांच्या थोरल्यानं मुंबईहून टाइप करून आणलेल्या मसुद्यात तिथं त्याचंच नाव होतं. एकमेव विश्वस्तही तोच.

धाकट्याला जन्मापासून बौद्धिक अपंगत्व. सही जमते, हिशेब नाही. थोरला लबाड नव्हता. पण भावाच्या औषधावर जेवढं कमी खर्चावं तेवढं आपल्याला जास्त उरेल, असा कागद सरळ माणसाच्याही हाती देऊ नये. हे बोललो तसा तो तापला. काकी म्हणाल्या, "वकिलांनू, माझ्या मागसून ह्येका कोण बघतलो, ताच लिवा."

तेच लिहिलं. विश्वस्त तीन: थोरला, नर्स असलेली मामेबहीण, शेजारचे निवृत्त गुरुजी. कोणी गेलं किंवा सुटलं तर पुढचं नावही. 1882च्या ट्रस्ट कायद्याप्रमाणे सगळ्या विश्वस्तांनी मिळून काम करायचं असतं, डीडमध्ये वेगळं म्हटलं तरच सूट. म्हणून 'कोणत्याही दोघांच्या सह्या' घातलं, नाहीतर थोरला मुंबईत असताना औषधाचा चेकही अडायचा. खर्चाच्या बाबी नावानिशी: औषधं, सांभाळणाऱ्या बाईचा पगार, पावसाआधी छपराचे नळे परतणं. सगळं उत्पन्न एकट्या धाकट्याचं, असं स्पष्ट लिहिलं. कोणाला किती द्यायचं हे विश्वस्तांच्या मर्जीवर सोडलं तर बहुतेक वेळा आयकर सर्वोच्च दरानं लागतो. उरलेलं विशेष मुलांच्या शाळेला.

बाग मात्र बाहेर ठेवली. सातबारा सामायिक, चुलत्यांसकट अकरा नावं. आधी वाटप, मग पुढचं. घर काकींनी स्वतः घेतलेलं, ते घातलं. स्थावर आलं की डीड दुय्यम निबंधकाकडे नोंदवावंच लागतं.

खरी गफलत होते ती यानंतर. परिशिष्टात ठेवींची यादी असते, ठेवी मात्र आईच्याच नावावर राहतात, आणि ती गेली की वारस हक्क सांगतात. नॉमिनी लावूनही मालकी बदलत नाही. म्हणून ट्रस्टचा पॅन काढला, ट्रस्टच्या नावे खातं उघडलं, आणि ठेवी मोडून पैसे तिथं वळते केले. थोडं व्याज बुडालं, बुडू दे.

बँकेत सह्या करताना थोरल्यानं विचारलं, मुंबईहून यायचं भाडं मिळेल का? ट्रस्टच्या कामाचा प्रत्यक्ष खर्च मिळतो. मेहनताना डीडमध्ये लिहिला असेल तरच, आणि तो काकींनी लिहू दिला नव्हता.