तुम्ही विचारलंत म्हणून: एकट्या फिरता, मग जेवता काय?

मी परदेशात एकटी फिरते म्हटलं की भीती वाटत नाही का, हे लोक रीत म्हणून विचारतात. उत्तराला थांबतही नाहीत. खरा प्रश्न त्याच्यामागून येतो, आवाज जरा खाली करून: "आणि मग जेवता काय हो तिकडं?" भिशीत विचारतात, गणपतीच्या देवळाबाहेर चपला शोधता शोधता विचारतात, परवा तर भडंगाच्या दुकानात पुडा बांधता बांधता दुकानदारानं विचारलं. आमचं घर जैन, हे सांगलीत आडनावावरूनच कळतं. आणि तिकडं गल्लीच्या तोंडाशी काय काय तळत असतात, ते सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलेलं असतं. त्यामुळं प्रश्नात काळजी थोडी आणि 'बघू, काय कबूल करते' हे जास्त.

तर कबूल करते.

मार्केट यार्डात हळदीच्या अडतीत बावीस वर्षं हिशेब लिहिले. ते सुटल्यावर पहिला प्रवास केला तो श्रीलंकेचा. कँडीत एका घरात उतरले होते. सकाळी इंदीआप्प, म्हणजे तांदळाच्या शेवयांच्या चकत्या, आणि सोबत पोल सांबोल: ओला नारळ, लाल मिरची, बारका कांदा, लिंबू. आपली खोबऱ्याची चटणीच की! दोन दिवस मी ती भाजीसारखी वाढून घेऊन खाल्ली. तिसऱ्या दिवशी कृती लिहून घ्यावी म्हणून वही घेऊन स्वयंपाकघरात गेले. घरच्या बाईंनी डब्यातून लाकडाच्या ढलपीसारखा एक तपकिरी तुकडा काढला आणि खलात टाकला. टण्ण आवाज आला. मला वाटलं दालचिनी. लंकेची दालचिनी नावाजलेलीच आहे. उचलून हुंगले. उंबलकड! उकडून, धुरी देऊन, उन्हात वाळवून पार लाकूड केलेला मासा. मी पहिल्याच दिवशी "मीट नको" म्हणून सांगितलं होतं, त्याची आठवण दिली तर बाई शांतपणे म्हणाल्या, "मीट कुठंय? चवीपुरतं तर आहे."

आईला हे मी अजून सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

पण माझ्या चेहऱ्याकडं बघून त्या बाईंनीच वाट दाखवली. तिथं प्रत्येक पौर्णिमेला पोया असतो. देशभर सुट्टी, मटणाची आणि दारूची दुकानं बंद. त्या घरात त्या दिवशी खलात उंबलकड पडत नसे. मी हातवारे करून माझं खाणंपिणं समजावलं, तेव्हा त्यांनी विचारलं, "म्हणजे तुमचा रोजच पोया?"

तेव्हापासून मी परदेशात 'व्हेज' हा शब्द सोडला. त्याचा अर्थ प्रत्येकजण आपापला लावतो. कोणी मासा वगळतो, कोणी फक्त मोठे तुकडे वगळतो आणि रस्सा तोच वाढतो. त्यापेक्षा, तुमच्याकडं उपासाच्या, देवाच्या दिवशी काय खातात, ते द्या म्हणायचं. हे सगळ्यांना कळतं, आणि स्वयंपाक करणारीला तर फारच लवकर कळतं.

थायलंडमध्ये तो शब्द 'जे'. पिवळा झेंडा आणि त्यावर लाल अक्षर दिसलं की बिनधास्त बसावं. तिथल्या चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात नऊ दिवस हे व्रत चालतं, बहुतेक वर्षी आपल्या नवरात्राच्याच सुमाराला. लोक पांढरे कपडे घालतात. आणि गंमत ऐका, त्यात कांदा-लसूणही चालत नाही. बँकॉकच्या चायनाटाऊनमध्ये उभी राहून मी आईला फोन केला, "इथं तुझा चातुर्मास चाललाय." तिला वाटलं, मी चेष्टा करते.

व्हिएतनामी शब्द 'चाय'. हनोईत पहिल्या दिवशी मी तो म्हटला आणि कोणी चहा आणून देईल म्हणून वाट बघत बसले. चहाला तिथं 'चा' म्हणतात, आपल्यासारखंच. 'चाय' म्हणजे शाकाहारी जेवण. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी बरेच बौद्ध लोक चाय खातात. त्या दिवसांत मी राणी. एरवी मात्र नुओक माम, म्हणजे माशाचा सॉस, कशात असेल याचा नेम नाही.

जावा बेटावरच्या योग्याकार्ताला खाण्यापेक्षा पिण्याचं सांगते. बेरिंगहार्जो बाजारात बायका बाटल्या मांडून जामू, म्हणजे तिथलं औषधी पेय, विकतात. मी घेतला तो 'कुन्यित आसाम', म्हणजे हळद, चिंच आणि ताडगूळ. बाईनं पेला हातात दिला. मी आधी उजेडात धरला, मग बोटावर थेंब घेऊन चोळला, मग वास. सवय जात नाही. ओल्या हळदीचा तो कच्चा, मातकट वास. आमच्या अडतीत येते ती शिजवून, वाळवून, पॉलिश केलेली, तिचा वास वेगळा. त्या बाईला वाटलं, मी पेला परत करते आहे. शेवटी बोटावरचा पिवळा डाग दाखवून मी हसले आणि पिऊन टाकलं. आंबटगोड, शेवटी जिभेला कडसर. आईला हेही चालायचं नाही. ओली हळद कंदमूळ, वाळली की चालते. 2018 साली सांगलीच्या हळदीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, 2023 साली जामू युनेस्कोच्या वारशाच्या यादीत गेला. त्या बाजारातल्या बायकांना त्याचं काही पडलेलं दिसलं नाही. पेले विसळत होत्या.

आता बोर्निओ. तिथं माझीच युक्ती माझ्यावर उलटली.

मलेशियाच्या सबाह राज्यात किनाबातांगान नदीच्या काठी सुकाऊ नावाचं गाव आहे. तिथं एका मुस्लिम कुटुंबाकडं उतरले होते. मलय भाषेत उपासाला 'पुआसा' म्हणतात, आणि तो शब्द आपल्या 'उपवास'वरूनच गेलेला, हे मी जाण्याआधी वाचून ठेवलं होतं. भलती खूश होते मी. दुपारी बाई ताट घेऊन आल्या. भात, पाल्याची भाजी, वर कोळंबीच्या लगद्याची चटणी. मी चटणीकडं बोट दाखवून ऐटीत म्हटलं, "साया पुआसा", म्हणजे माझा उपास आहे. बाईंनी माझ्याकडं बघितलं, विचारलं, "इस्निन?" म्हणजे सोमवार. होता सोमवार. निम्मी सांगली सोमवार धरते, मी मान डोलावली. त्यांनी अगदी आदरानं अख्खं ताट उचललं, झाकण घातलं आणि आत नेलं.

तिकडं पुआसा म्हणजे रोजा. सोमवार-गुरुवारचा रोजा बरेच मुसलमान आपखुशीनं धरतात. आता पाणीसुद्धा सूर्यास्तानंतर.

चार वाजता तशीच होडीत बसले. पावसाळ्यातल्या कृष्णेसारखं गढूळ पाणी. झाडावर लांब नाकाची माकडं कोवळा पाला ओरबाडत होती, आणि खरं सांगते, मला त्यांचा हेवा वाटला. इंडोनेशियात त्यांना 'डच माकड' म्हणतात. गोऱ्या साहेबाच्या नाकावरून. हत्ती दिसले नाहीत, काठावर त्यांची लीद दिसली. धनेश मात्र डोक्यावरून गेला, पंखांचा आवाज वाफेच्या इंजिनासारखा. एवढे प्राणी इतक्या सहज का दिसतात, ते नावाड्यानं हातानंच सांगितलं. काठाला जंगलाची पट्टी आणि तिच्यामागं पाम तेलाचे मळेच मळे. जायला जागा नाही म्हणून सगळे काठावर. मला शिराळा-कराडकडचा ऊस आठवला, तोडणीत बिबट्याचे बछडे सापडतात तो.

मग चिखलात मगर. मोठी, तोंड उघडं. नावाड्यानं माझ्याकडं बघितलं, आता बाई किंचाळणार म्हणून. मी म्हटलं, आमच्याकडंही आहेत, भिलवडी-औदुंबरच्या बाजूला, जरा वेगळ्या जातीच्या. "लोक पाण्यात उतरतात?" त्यानं विचारलं. म्हटलं, धुणं धुतात. त्यानं इंजिन बारीक केलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडं नीट बघितलं.

परत आले तेव्हा बांग होत होती. बाईंनी माझ्यासाठी ताट धरूनच ठेवलं होतं. चटणी काढलेली, नेमकं काय नको होतं ते त्यांना दुपारीच कळलेलं असणार, पण माझा रोजा त्यांनी मोडू दिला नव्हता. आमच्या आईकडं सूर्य बुडाला की जेवण बंद, ताटं पालथी. इथं सूर्य बुडाला तशी बाईंनी झाकण काढलं, आधी एक खजूर माझ्या हातावर ठेवला आणि समोर बसून मी खाते का ते बघत राहिल्या.