डिसेंबरचे चेहरे : लक्ष्याचं हसू अखेर सापडलं

डिसेंबरात पुण्यतिथी असलेल्या कलाकारांचे चेहरे मी इथे गोव्यात, देवळाच्या मंडपात रांगोळीने काढते आहे. त्यात लक्ष्मीकांत बेर्डे यांचं, आपल्या लक्ष्याचं, हसूच जमत नव्हतं. लक्ष्या हसला एकदाचा. मिटल्या ओठांचा फोटो घे आणि मोकळी हो, असं तुमच्यापैकी दोघातिघींनी फोनवर सुचवलं होतं. पण लक्ष्मीकांत बेर्डे यांची रांगोळी आणि ओठ मिटलेले, हे मनाला पटेना. म्हणून चाचणीच्या फळीवरून हलले नाही. आता जे हाती लागलंय ते सविस्तर लिहिते, कारण हसरा चेहरा काढताना तुम्हीही इथेच अडत असणार.

या डिसेंबरची यादी अशी. ७ डिसेंबर विनय आपटे (२०१३), १३ ला स्मिता पाटील (१९८६), १४ ला सुधीर जोशी (२००५), १६ ला बेर्डे (२००४) आणि १७ ला डॉ. श्रीराम लागू (२०१९). अकरा दिवसांत पाच पुण्यतिथ्या. देवळाच्या मंडपातला डावीकडचा कोपरा समितीने आनंदाने दिलाय, ताडपत्रीचा आडोसाही बांधून दिला. आपटे ठरल्या दिवशी मांडून झाले. खाली नाव घातलं नव्हतं, तरी लोक ओळखत होते. एक गृहस्थ तर समोर उभे राहून त्यांच्या त्या खर्जातल्या आवाजाबद्दलच बोलत राहिले. रांगोळीतून आवाज आठवावा, याहून मोठी पावती मला नको.

आता दात. व्यक्तिचित्राच्या रांगोळीत दात हा जुना शत्रू. पेन्सिलीला टोक असतं, चिमटीला नसतं. दोन दातांमधली रेघ कितीही बारीक सोडली तरी ती मूळ फोटोतल्या रेघेपेक्षा जाडच पडते आणि चेहरा एकदम दहा-वीस वर्षांनी म्हातारा दिसतो. त्यात पांढरी रांगोळी शुद्ध पांढरी. शिरगोळ्याची पूड ती, ट्यूबलाइटखाली कणन् कण चमकतो. तोंडातला अंधार, ओठांचा विटकरी रंग आणि मधोमध असा लखलखीत पट्टा. बघणाऱ्याची नजर आधी दातांवर जाते आणि तिथेच अडकते.

यावरचा उपाय तसा लवकर मिळाला. दातांत रेघ ओढायचीच नाही. सगळे दात मिळून एकच पट्टा धरायचा. रंग पांढरा नको, पांढऱ्यात पिवळ्या लेकचं (रांगोळीत मिसळायच्या बारीक रंगपुडीला लेक म्हणतात) नखभर आणि राखाडीचं त्याहून कमी, असं घोटून केलेलं हस्तिदंती मिश्रण. वरच्या ओठाची सावली दातांवर पडते, ती राखाडी गाळणीने वरून अलगद उतरवायची. ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांशी दात अंधारात विरघळू द्यायचे. शुद्ध पांढरा फक्त समोरच्या एका दातावर, तोही चिमूटभरसुद्धा नाही, बोटाला चिकटलेले कण झटकून जेवढे पडतील तेवढेच. दात कुठे एकमेकांपासून सुटतात ते सांगायचं असेल तर हिरडीकडच्या कडेला छोटे त्रिकोण सोडा, पुरे होतं. डोळ्यांच्या बुबुळाभोवतीच्या पांढऱ्यालाही हाच नियम लावून बघा, फार फरक पडतो.

एवढं करून फळीवर एक छान हसरा माणूस तयार झाला. नाक बरोबर, गाल बरोबर, केसांची ठेवण बरोबर. ग्रिड पुन्हा मोजलं, चौकोन चौकोनाशी जुळत होता. पण तो लक्ष्या नव्हता. लग्नाच्या अल्बममधला कुणीही असू शकला असता. आठवडा गेला तरी कुठे बिनसतंय ते कळेना. जबड्याची सावली गडद केली, गालावरचा उजेड वर सरकवला, खालच्या पापणीला फुगवटा दिला. खरं हसू डोळ्यांखाली दिसतं हे आपण सगळेच मानतो, ते सगळं केलं. हसू आणखी खरं झालं आणि माणूस आणखी परका.

उलगडा केला शेजारच्या काकींनी. दारात शेवग्याच्या शेंगा द्यायला आल्या होत्या. फळीकडे बघून म्हणाल्या, “हांसता खरो, पूण लक्ष्या न्हय हो.” मी विचारलं, का बरं? त्या थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “लक्ष्या हांसता तेन्ना भियेल्लो आसता.”

हसतो तेव्हा घाबरलेला असतो. तेवढं बोलून त्या गेल्या आणि मी रात्री बसून जुने प्रसंग एकेक करून थांबवत पाहिले. काकींचं शंभर टक्के खरं आहे. ‘अशी ही बनवाबनवी’मधला (१९८८) परशा आठवा, पार्वती होऊन वावरणारा. ओठ लाघवी हसताहेत आणि त्याच क्षणी डोळे दाराकडे, आता पकडले जाणार म्हणून. ‘झपाटलेला’त (१९९३) तर बाहुलाच मागे लागलाय, तिथलं हसू म्हणजे अर्धी किंकाळी. त्यांच्या विनोदात रुबाब नसायचा. कोंडीत सापडलेला, थाप पचेल की नाही याची धाकधूक असलेला, तरी समोरच्याला हसून गुंडाळू पाहणारा साधा माणूस असायचा. आपण त्यांच्यावर एवढं प्रेम केलं ते त्या धाकधुकीमुळेच, असं आता मला ठामपणे वाटतं. माझ्याकडचा संदर्भफोटो होता वर्तमानपत्राच्या पुरवणीतला, कॅमेऱ्यासमोर बसवून काढलेला. त्यात हसू होतं, भीती नव्हती. चौकोन कितीही जुळवले तरी जे फोटोतच नाही ते रांगोळीत कुठून उतरणार!

ही भीती कुठे असते? भुवयांत. नाकाकडची टोकं वर उचललेली, कानाकडची खाली उतरलेली, आणि कपाळाच्या फक्त मधल्या भागात दोन आडव्या आठ्या. ओठ वर जाताहेत आणि भुवया काकुळतीला आल्यात, असे एकाच चेहऱ्यात दोन चेहरे. थांबवलेल्या दृश्यातून नवी चौकट घेतली, ओठ आणि दात तसेच ठेवले, फक्त भुवया पुसल्या.

पुसायचं कसं, हे नव्या मंडळींसाठी. झाडायचं नाही, कपाळाचा थर उडतो. ओठांनी शोषायच्या शीतपेयाच्या नळीने हळूच फुंकर मारायचीही नाही, कण थेट डोळ्यांत जातात, आपल्या आणि चित्राच्याही. मी पोस्टकार्डाचा तुकडा तिरका धरून वरचा थर उचलते, मग कपाळाचा रंग गाळणीने पुन्हा भुरभुरवते. भुवई सलग काळी काढू नका. आधी गडद तपकिरीचा विरळ पट्टा, मग त्यावर काळ्याच्या सुट्या तिरक्या चिमट्या, आतल्या टोकाला जवळजवळ उभ्या आणि बाहेर जाता जाता आडव्या. आठ्यांसाठी काळा अजिबात नको. कपाळाच्याच रंगात थोडा जास्त तपकिरी घातला की बास. आठीच्या खालच्या कडेला उजेडाची बारीक रेघ दिली की ती कातडीची घडी वाटते, नाहीतर जखम वाटते.

दुसरी भुवई संपली आणि फळीवरून लक्ष्या बघायला लागला. मी मोठ्याने काकींना हाक मारली, रात्र झाली होती तरी. त्या आल्या, पाहिलं, आणि पदर डोळ्यांना लावून परत गेल्या. १६ डिसेंबर २००४. जन्म १९५४ चा, म्हणजे जेमतेम पन्नाशी. त्यांच्या वाट्याला अजून केवढं काम यायचं होतं, हे ‘एक होता विदूषक’ (१९९२) पाहिलं की कळतं. पुलंची पटकथा, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन. त्यात भुवया याच आहेत, पण ओठांवरचं हसू काढून घेतलंय. पुढच्या वर्षी तो चेहरा काढायचा, हे नक्की.

सामानाबद्दल थोडं. व्हडली दिवाळी, म्हणजे तुळशीचं लग्न, उलटली की म्हापशाच्या बाजारात पांढरी रांगोळी स्वस्त होते, तेव्हाच वर्षाची भरून ठेवा. पण घेताना मूठभर तळहातावर चोळून बघा. मागच्या खेपेला एका विक्रेत्याने दिलेल्या पोत्यात बारीक वाळू निघाली, चेहऱ्याच्या थरात ती खडीसारखी दिसते. लेक मात्र मी आता कोल्हापूरहूनच मागवते, महाग पडला तरी. इथे सुटा मिळतो त्यात भर फार असते, रंग चढतच नाही. चांगला लेक हा अ‍ॅल्युमिनियमच्या क्षारावर बसवलेला रंग असतो, पिठाहून बारीक. म्हणूनच तो नुसता मिसळून भागत नाही, पांढऱ्या रांगोळीत खलात घोटावा लागतो. आणि आपल्या गोव्याच्या हवेत तो गोळे धरतो. डिसेंबर कोरडा म्हणायचा, पण पहाटेचं दव मंडपात शिरतंच. मी रंगाचे डबे रात्री साठ वॅटच्या दिव्याखाली ठेवते आणि सकाळी प्रत्येक रंग पुन्हा चहाच्या गाळणीतून काढते. स्टीलची गाळणी घ्या, प्लॅस्टिकच्या जाळीला कण चिकटून बसतात.

आता १३ तारखेचं. स्मिता पाटील यांच्यासाठी कातडीचा सावळा रंग घोटून तयार होता. पक्की तपकिरी, शेंदरी, आंबा पिवळा, फार देखणं मिश्रण जमलंय. पण हे लिहिता लिहिताच मनात आलं, त्यांना पहिल्यांदा घराघरांत पाहिलं गेलं ते रंगांत नव्हेच. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. तिथे बातम्या देणाऱ्या स्मिता पाटील कृष्णधवल होत्या. दूरदर्शनला रंग आला तो १९८२ मध्ये, तोवर त्या बातम्या सोडून केव्हाच मोठ्या पडद्यावर गेल्या होत्या. मग त्यांना राखाडीतच का काढू नये? पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत सात छटा घोटायच्या, लेकला हातच लावायचा नाही. शिवाय तो चेहरा रंगावर उभाच नाहीये. गालाची हाडं, डोळ्यांची खोली आणि सरळ रोखलेली नजर, हे सगळं उजेड-सावलीचं काम. एकतिसाव्या वर्षी गेलेल्या बाईंना बातम्यांच्या टेबलामागे, कपाळावर कुंकू, एवढंच. ठरलं. सावळं मिश्रण डबा बंद करून ठेवते, वाया जाणार नाही.

सुधीर जोशींचं ग्रिड आखून झालंय. भरलेल्या चेहऱ्याला जागा जास्त लागते, म्हणून फळी चार फुटी घेतली. त्यांच्यात अडचण अशी नाही. डॉ. लागूंना मात्र कपाळापासून सुरुवात करणार. ‘नटसम्राट’चा पहिला प्रयोग २३ डिसेंबर १९७० चा, म्हणून बेलवलकरांच्या वेषात काढ असा आग्रह घरातून होतोय. मला ते नकोय. अप्पासाहेब नंतर अनेकांनी केले. कान-नाक-घशाचा दवाखाना सोडून नाटकाला आलेले, विचार करताना दिसणारे लागू मला हवेत.

आणि एक नवीन खूळ. ते डिसेंबरनंतरचं आहे. आशालता वाबगावकर यांची रांगोळी करायची हे कधीपासून मनात आहे. गोव्यात जन्मलेल्या, हिंदी सिनेमात आईच्या भूमिकांनी देशभर पोचलेल्या, आणि २०२० मध्ये साताऱ्याला मालिकेचं चित्रीकरण चालू असताना कोरोनाने गेलेल्या. पण त्यांची पुण्यतिथी २२ सप्टेंबर. त्या दिवसांत इथे कागदसुद्धा ओला लागतो, रांगोळीचं नाव काढू नये. दरवर्षी तिथेच गाडी अडते.

आत्ता तारखांची वही चाळताना ८ जानेवारीवर नजर गेली. रामदास कामत, आपल्या साखळीचे, २०२२ मध्ये याच दिवशी गेले. १९६४ च्या ‘मत्स्यगंधा’त आशालताबाई सत्यवती आणि कामत पराशर. नाटक धि गोवा हिंदू असोसिएशनचं, संगीत मंगेशीच्या अभिषेकीबुवांचं. दोघांना एकाच फळीवर, त्याच भूमिकांत काढलं तर? जानेवारीत हवा कोरडी असते, जत्रेची माणसंही मंडपात असतात. सप्टेंबरचा हट्ट मी सोडला. अभिषेकीबुवा मागे पुसट, नुसत्या राखाडी भुरभुरीत, तेवढी जागा फळीवर निघेल असं वाटतंय. सहा फूट बाय चार लागेल. प्लाय एकसंध मिळाला तर बरं, दोन तुकड्यांचा सांधा नेमका कुणाच्या तरी चेहऱ्यातून जातो.

तेव्हा मदत हवी आहे. ‘मत्स्यगंधा’च्या पहिल्या संचातला, दोघांचे चेहरे स्पष्ट दिसणारा फोटो कुणाच्या घरी असेल, जुन्या स्मरणिकेत असेल, तर त्याची सपाट उजेडात काढलेली प्रत पाठवा. शक्यतो प्रसंगातला, बसवून काढलेला नको. भुवया स्पष्ट दिसायला हव्यात.