भोक बुजलं, पण ऐकू किती आलं?

कानाच्या पडद्याचं भोक बुजवायचं ऑपरेशन ठरलं तेव्हा घरात जो तो एकच विचारत होता, "भोक बुजतलां मा?" डॉक्टरांचंही बोलणं बरंचसं भोकाभोवतीच फिरत होतं. मला मात्र वर्गात डावीकडच्या भिंतीला बसणाऱ्या मुलांचा आवाज हवा होता. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऑपरेशनला जाणाऱ्याने त्या आधीच वेगवेगळ्या विचारून घ्याव्यात, असं माझं मत आहे.

मालवण तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी शिकवते. डावा कान लहानपणापासून वाहायचा. पाऊस लागला, सर्दी झाली की सुरू. विहिरीत पोहणं त्यामुळेच बंद झालं. पुढे वाहणं थांबलं, पण पडद्याला मोठं भोक राहून गेलं. एका कानावर भागतं असं लोकांना वाटतं. भागतं खरं, पण आवाज कुठल्या बाजूने आला ते कळत नाही. मागून कोणी "बाई, मी सांगू?" म्हणालं की मी भलत्याच पोराकडे बघायची.

कोल्हापूरच्या डॉक्टरांनी ट्यूनिंग फोर्क, म्हणजे धातूचा दोन टोकांचा चिमटा, वाजवून कपाळावर टेकवला आणि विचारलं, "कुठल्या कानात वाजतंय?" वाजत होता डाव्या, म्हणजे खराब कानात, आणि तोही मोठ्याने. मी चक्रावले. ते म्हणाले, "हे चांगलं लक्षण आहे. आतली नस शाबूत आहे, अडचण फक्त आवाज आत पोचण्यात आहे." मग ऑडिओमेट्री, म्हणजे किती ऐकू येतं त्याची मोजणी, झाली. यात आकडा जितका कमी तितकं ऐकू चांगलं. हवेतून ऐकू येण्याची सरासरी ४५ डेसिबल, कवटीच्या हाडातून थेट आतल्या कानाला १५. मधलं अंतर ३०. ऑपरेशनने भरून निघालं तर हे ३०च. हाडातून येणारा आकडा सुधारण्याची अपेक्षा धरायची नाही. भोक किती मोठं हे सगळे सांगतात. हे अंतर किती, ते मी खोदून विचारलं म्हणून कळलं.

नेहमी पडदा शिवतात तो कानाच्या वरच्या स्नायूवरचं पातळ आवरण घेऊन. माझं भोक मोठं, त्यात सर्दी कायमची, नाकामागून कानात हवा नेणारी नळी नीट न उघडणारी. अशा कानात पातळ पडदा आत ओढला जाण्याची किंवा पुन्हा फाटण्याची भीती जास्त. म्हणून कूर्चा, म्हणजे कानातलं लवचिक मऊ हाड, वापरायचं ठरलं. कानाच्या भोकासमोर जो लहानसा उंचवटा असतो, त्याच्या आतली. तिला रक्तपुरवठा फारसा लागत नाही आणि ती आकार सोडत नाही. "कान कापून कानातच लावतले? मगे कुडी खंय घालशी?" हा आईचा प्रश्न. कुडी पाळीत असते, पाळीला कोणी हात लावणार नव्हतं, पण तिला ते पटायला वेळ लागला.

माझी शंका वेगळी होती. मूळ पडदा जेमतेम ०.१ मिलिमीटर जाडीचा. त्या जागी एवढी जाड चकती थरथरणार कशी? डॉक्टरांनी सांगितलं की कूर्चा तासून सुमारे अर्धा मिलिमीटरवर आणतात, आणि कूर्चेचा पडदा टिकतो जास्त खात्रीने, पण ऐकू येण्याच्या बाबतीत पातळ पडद्याच्या फारसा मागे पडत नाही. शेवटी बरंचसं मधल्या कानातल्या तीन हाडांच्या साखळीवर अवलंबून असतं. माझी ती हलती होती.

ऑपरेशन निभावलं. त्यानंतरचे आठवडे मात्र कंटाळवाणे. कानात विरघळणारा स्पंज भरलेला, त्यामुळे आधीपेक्षाही कमी ऐकू येतं आणि स्वतःचाच आवाज आत घुमतो. नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवायचं, अंघोळीला व्हॅसलिन लावलेला कापूस. या काळात माणूस खचतो, कारण ऑपरेशन फसलं असंच वाटत राहतं. जवळजवळ तीन महिने ऐकण्याचा हिशेब करूच नये.

तपासणीत हवेतून आकडा २८ आला. अंतर ३० वरून १३. जाडे, खालचे आवाज छान परतले. ४००० हर्ट्झला, म्हणजे बारीक आवाजांना, आलेखाची रेघ अजून खाली आहे, त्यामुळे पंखा चालू असला की कुजबुजीतले 'स' आणि 'त' निसटतात. पण डावीकडचा आवाज डावीकडूनच येतो. वर्गात मान आपोआप योग्य बाकाकडे वळते.

करूळ घाटात आता डावा कानही दडतो. पूर्वी भोकातून हवा खेळायची, त्यामुळे फक्त उजवाच दडायचा. दोनदा गिळलं की मोकळा होतो.

आणि एक. कूर्चेचा पडदा पांढरा, अपारदर्शक दिसतो आणि टिंपॅनोमेट्रीचा, म्हणजे हवेचा दाब देऊन पडदा किती हलतो ते बघणाऱ्या तपासणीचा, आलेख सपाट येऊ शकतो. आमच्याकडे एका शिबिरात तपासणाऱ्याने त्यावरून कानात पाणी साचल्याचं सांगून मला घाबरवलं होतं. तेव्हापासून ऑपरेशनचा कागद मी पर्समध्येच ठेवते.