घोट्यावरची जखम भरत का नाही?

सहा-सहा महिने मलमं बदलली जातात, पण जखम का झाली हे कोणी तपासत नाही. याचं फार वाईट वाटतं.

पायाच्या आतल्या घोट्याच्या वर, उथळ, वेड्यावाकड्या कडांची, भरपूर पाझरणारी जखम आणि भोवतालची कातडी तपकिरी, टणक झालेली असेल, तर दोष बहुधा शिरांच्या, म्हणजे रक्त खाली परतू न देणाऱ्या, झडपांचा असतो. उभं असताना घोट्याजवळच्या शिरांतला दाब साधारण ९० मिमी (पाऱ्याचा) असतो. चालताना पोटरी आवळली की तो ३० च्या खाली यायला हवा. झडपा निकामी झाल्या की तो उतरत नाही. रक्तातल्या पेशी कातडीत झिरपतात, लोहाचे डाग उरतात आणि साध्या खरचटण्याचीही जखम होऊन बसते.

यावर खरा उपाय घोट्याशी सुमारे ४० मिमी दाब देणारी पट्टी. पण आधी घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब डॉप्लरने, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह टिपणाऱ्या यंत्राने, मोजून घोट्याच्या दाबाला दंडाच्या दाबाने भागून गुणोत्तर काढायलाच हवं. ते ०.८ पेक्षा कमी असेल तर धमनीही अरुंद आहे. घट्ट पट्टीने पाय काळा पडू शकतो. मधुमेहात धमन्या कडक झाल्याने आकडा फसवा, जास्त येतो. तिथे पायाच्या अंगठ्याचा दाब मोजावा.

विदर्भात किंवा नंदुरबारकडे तरुण माणसाच्या घोट्यावर अशी जखम दिसली, तर सिकलसेलची, म्हणजे तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होणाऱ्या, तिकडे जास्त आढळणाऱ्या आनुवंशिक आजाराची, तपासणी आधी करा. कड उंचावलेली असेल, किंवा नीट उपचार करूनही तीन महिन्यांत फरक नसेल, तर कडेचा तुकडा बायोप्सीला, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला, पाठवा. कर्करोग तिथे लपलेला असू शकतो.