तुम्ही विचारलंत म्हणून: एका डिस्कला दोन दिवस का?

‘फाइली ओढायच्या आणि बर्न दाबायचं. मॅकवर आणि विंडोजवर चालेल अशी एक डिस्क करायला तुम्हाला दोन दिवस कशाला लागतात?’

हे मला इतक्या जणांनी विचारलंय की मी ‘तपासावं लागतं’ एवढंच सांगून मोकळी होते. समोरच्याला वाटतं, ही वेळ काढतेय. तसं वाटू द्यायचा आता कंटाळा आला, म्हणून एकदा नीट सांगते.

बहुतेकांचा समज असा की मी सगळं दोनदा भरते, अर्धी डिस्क मॅकची आणि अर्धी विंडोजची. तसं नसतं. ७०० एमबीच्या सीडीवर तुमचा मजकूर एकदाच जातो. दोन असतात त्या याद्या, म्हणजे कुठली फाइल कुठे पडली आहे याची नोंद. विंडोज आयएसओ ९६६० ची, म्हणजे सीडीवरच्या फाइलींच्या आंतरराष्ट्रीय मानकाची, यादी वाचतं; मॅक अ‍ॅपलच्या स्वतःच्या एचएफएस या मांडणीची वाचायचा. आयएसओमध्ये डिस्कच्या सुरुवातीचे १६ सेक्टर, म्हणजे ३२ केबी, मोकळे सोडलेले असतात. अ‍ॅपलचा पार्टिशन मॅप, म्हणजे डिस्कचा कुठला भाग कुठे आहे ते मॅकला सांगणारा नकाशा, त्या मोकळ्या जागेत बसतो, आणि एकाच डेटाकडे दोन वाटांनी जाता येतं. ही मांडणी ज्यांनी शोधली त्यांच्याबद्दल मला आजही आदर वाटतो.

मग वेळ कुठे जातो? दोन्ही याद्यांमध्ये एकाच फाइलला एकच नाव मिळेल याची खात्री करण्यात.

सुरुवातीला मीही म्हणायचे की आयएसओ हे मानक आहे, दोन्हीकडे वाचतात, झालं. त्या मानकाच्या पहिल्या पातळीवर नावाला आठ अक्षरं आणि पुढे तीन, तीही रोमन कॅपिटल, आकडे नाहीतर अंडरस्कोअर. लांब नावांसाठी मायक्रोसॉफ्टने विंडोज ९५ च्या वेळी जोलिएट ही आयएसओची जोडयादी आणली, त्यात ६४ अक्षरं आणि युनिकोड, म्हणजे देवनागरीसकट सगळ्या लिप्या चालतात. जुन्या एचएफएसमध्ये ३१. शिवाय मॅकच्या फाइलीला दोन भाग असत, आणि जुन्या फाँटचा सगळा जीव दुसऱ्या भागात असे. तो फाँट विंडोजवरून बर्न केला की डिस्कवर नाव दिसायचं आणि आकार शून्य. हे सगळं मी शिकले, वहीत लिहून ठेवलं, आणि मला वाटलं आता आपल्याला येतं.

मग बाईंची डिस्क आली.

बाई म्हणजे मला शाळेत मराठी शिकवणाऱ्या. त्यांनी स्वतःच्या कथा स्वतःच्या आवाजात वाचल्या होत्या. तेवीस कथा, तेवीस ध्वनिफिती. मी मॅकवर सगळं जुळवलं. फाइलींना कथांचीच नावं दिली, देवनागरीत, आणि वर एक अनुक्रमणिकेचं पान केलं. नावावर टिचकी मारली की कथा सुरू. चाळीस प्रती काढल्या. मॅकवर तेवीसच्या तेवीस कथा उघडून पाहिल्या, विंडोजवर पहिल्या तीन. प्रती रवाना झाल्या.

चार दिवसांनी बाईंचा फोन. ‘अगं, बाकी सगळं लागतं. “पायऱ्या” लागत नाही.’

‘पायऱ्या’ ही त्यांच्या आईवरची कथा.

मी काय केलं ते सांगायला मला आजही जड जातं. मी त्यांच्या कॉम्प्युटरला दोष दिला. डिस्क पुसून बघा म्हणाले, कॉम्प्युटर बंद करून परत चालू करा म्हणाले. त्यांनी तीनदा केलं. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, ‘मलाच जमत नसेल.’ एक आख्खा आठवडा त्या तसंच समजून होत्या.

शेवटी मी त्यांच्या घरी गेले. पान उघडलं, ‘पायऱ्या’वर टिचकी मारली, फाइल सापडत नाही. फोल्डर उघडला तर फाइल समोर. तिथूनच उघडली आणि बाईंचा आवाज सुरू झाला. म्हणजे फाइल आहे, धड आहे, नावही तेच आहे, आणि विंडोज म्हणतंय अशी फाइल नाही. मग एकेक करून तेवीस कथा तपासल्या. आणखी दोन अडल्या, ‘दुसऱ्या दिवशी’ आणि ‘सोयऱ्यांची गोष्ट’. बाई मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘तिन्हीत तो अर्धा र आहे बघ.’

मी फोल्डरमधलं नाव उचलून नोटपॅडमध्ये चिकटवलं, त्याच्या खाली पानातलं नाव चिकटवलं. डोळ्यांना काही फरक नाही. मग दोन्हीवर शेवटाकडून चार-चार वेळा बॅकस्पेस दाबला. काना गेला, य गेला, हलन्त गेला. चौथ्याला पानातल्या नावाचं ‘पाय’ उरलं. फोल्डरमधल्या नावाचं उरलं ‘पायर’.

ऱ हे अक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतं, एकसंध ऱ किंवा साधा र आणि त्याला नुक्ता, म्हणजे खालचा टिंब. मॅकची एचएफएस प्लस, म्हणजे एचएफएसची पुढची आवृत्ती, फाइलीचं नाव साठवताना अशी अक्षरं फोडून ठेवायची आणि शोधतानाही तशीच फोडून शोधायची, त्यामुळे मॅकवर काही बिघडत नाही. माझ्या बर्निंगच्या प्रोग्रॅमने ती फोडलेली नावं जशीच्या तशी जोलिएटच्या यादीत उतरवली. विंडोज नावं अक्षर-अक्षर ताडून बघतं. त्याच्या लेखी ही दोन वेगळी नावं.

आता कुणी म्हणेल, हे तुला कसं माहीत असणार? मीही तेच म्हणत आले. हे मला माहीत नव्हतं, खरंय. पण तेवीसच्या तेवीस विंडोजवर उघडायला माहिती लागत नव्हती, एक दुपार लागत होती. ती मी दिली नाही.

दुसरी डिस्क मी वेगळी केली. फाइलींची नावं ०१ ते २३, इंग्रजी आकड्यांत, आणि कथांची नावं फक्त पानावर. पुन्हा चाळीस प्रती. सगळीकडे चालली. तेव्हापासून माझा नियम तोच: नावं आखूड, रोमन, लहान अक्षरांत.

पण हा नियम बरोबर आहे का, यावर माझं माझ्याशीच पटत नाही. आपल्या भाषेत नाव लिहिलं म्हणून फाइल हरवते, तर चूक नावाची नाही. मी तेव्हा पानातली नावं तपासून दोन्हीकडे एकच रूप ठेवू शकले असते, आज ते मला सहज येतं. तरी मी आकडेच देते. भीतीने देते, हे कबूल.

‘आता पेनड्राइव्ह द्या ना,’ असंही म्हणतात. देते की. पेनड्राइव्हवरची एक्सफॅट ही मांडणी दोन्हीकडे चालते. पण फोडलेला ऱ पेनड्राइव्हवरही तसाच जाऊ शकतो. आणि ज्या एचएफएसच्या बाजूसाठी मी इतकी वर्षं जिवाचं रान केलं, ती मूळची एचएफएस २०१९ च्या कॅटालिना या आवृत्तीपासून मॅक स्वतःच वाचत नाही. हे कळलं तेव्हा मी जुन्या डिस्क काढून बसले आणि कुठल्या-कुठल्या लोकांना कळवायला हवं याची यादी केली. ती यादी अजून संपलेली नाही.

तर दोन दिवस यासाठी. पहिल्या दिवशी डिस्क होते. दुसऱ्या दिवशी मी ती माझ्या नसलेल्या कॉम्प्युटरवर नेते आणि पहिलीपासून शेवटच्या फाइलीपर्यंत एकेक उघडते.

मागे बाईंकडे गेले तेव्हा ती दुसरी डिस्क टेबलावर होती. पाकिटावर त्यांनी निळ्या पेनाने, शाळेतल्या फळ्यावर काढायच्या तशा अक्षरात, तेवीस ओळी लिहून ठेवल्या होत्या. प्रत्येक आकड्यापुढे कथेचं नाव. चौथ्या ओळीतला ऱ जरा मोठा काढला होता.