डिस्प्लेवरचं मायनस ३०

एका बॅटरी टेस्टला वर्ष होऊन गेलं, अजून रात्री मधेच आठवते, म्हणून लिहूनच टाकतो. कंपनीचं नाव सांगणार नाही. तेव्हा नऊच माणसं होतो, नाव सांगितलं की सगळेच ओळखू येतील.

डेट्रॉइटच्या उत्तरेला आमची छोटी बॅटरी कंपनी आहे आणि आमचं पोट एसबीआयआरवर चालतं, म्हणजे छोट्या कंपन्यांना संशोधनासाठी पैसे देणारी अमेरिकी सरकारची योजना. १९८२ चा कायदा आहे, ज्या सरकारी खात्यांचं बाहेर वाटायचं संशोधनाचं बजेट १० कोटी डॉलरच्या वर जातं त्यांनी त्यातले आता ३.२ टक्के छोट्या कंपन्यांना द्यायचेच, छोटी म्हणजे ५०० माणसांपर्यंत, त्यामुळे आम्ही त्यात मुंगीसारखे. फेज वन साधारण सहा महिने, कल्पनेत दम आहे का एवढंच बघायचं. फेज टू दोन वर्षं, प्रोटोटाइप. फेज थ्रीला या फंडातून छदाम मिळत नाही, गिऱ्हाईक तुमचं तुम्ही शोधा. काही कंपन्या वर्षानुवर्षं वन-टू, वन-टू करतच जगतात, त्यांना इथे मिल म्हणतात, गिरणी. आमचा बॉस या शब्दाला भयंकर चिडतो. आमचे हिशोब मी बघितलेत, त्यामुळे का चिडतो ते कळतं.

मी आधी एच-वन-बी व्हिसावर होतो तेव्हा फक्त ऊर्जा खात्याच्या प्रोजेक्टवर काम करायचो. आर्मीचं काम चालायचं त्या खोलीत मला प्रवेश नव्हता, एक्स्पोर्ट कंट्रोल, म्हणजे लष्करी तंत्रज्ञान परदेशी माणसाला दाखवायचं नाही. मी बनवलेले सेल त्या दारातून आत जायचे आणि मी बाहेर. ग्रीन कार्ड आलं आणि दुसऱ्याच दिवशी बॉसने हातात सिक्स-टी ठेवली.

सिक्स-टी म्हणजे आर्मीच्या गाड्यांची बॅटरी, हमवीपासून रणगाड्यापर्यंत तोच डबा. जुनी लेड-ॲसिड १२ व्होल्टची, दोन जोडल्या की २४. लिथियमवाली त्याच आकारात एकटीच २४ देते. अडचण थंडीची. लिथियम सेलच्या इलेक्ट्रोलाइटमधे, म्हणजे ज्यातून आयन ये-जा करतात त्या द्रवात, एथिलीन कार्बोनेट असतं, ते शुद्ध स्वरूपात ३६ डिग्रीलाच गोठतं, म्हणजे बरणीत ठेवलं तर पुण्याच्या हिवाळ्यातल्या खोबरेल तेलासारखं दगड. बाकीचे सॉल्व्हंट घालून ते पातळ ठेवावं लागतं आणि मायनस ४० ला तेही पुरत नाही, आयन हलतच नाहीत. आम्ही एस्टर नावाचे सॉल्व्हंट घातले होते. एस्टर थंडीत छान वाहतात आणि उन्हाळ्यात सेलचं आयुष्य खातात, या दोन्हीच्या मधली जागा शोधण्यात माझे दोन हिवाळे गेले. तो फॉर्म्युला माझा आहे, त्याबद्दल मी नम्र वगैरे नाहीये.

तर फेज टूचा शेवटचा डेमो, शुक्रवार सकाळी ११. वॉरनला डेट्रॉइट आर्सेनलच्या आवारात आर्मीचं ग्राउंड व्हेइकल सिस्टम्स सेंटर आहे, तिथून टीपॉक येणार, म्हणजे आमच्या कामावर नजर ठेवणारा सरकारी इंजिनियर. टेस्ट साधी: पॅक, म्हणजे आख्खी बॅटरी, मायनस ४० ला मुरवायचा, आतपर्यंत गार होऊ द्यायचा, मग ४०० अँपियर ३० सेकंद खेचायचे, व्होल्टेज १८ च्या खाली जायला नको.

पॅक गार करायचा आमचा चेंबर सेकंडहँड, बंद पडलेल्या एका ऑटो सप्लायरच्या लिलावातला. बुधवारी त्याच्या कॉइलवर बर्फ धरला, गुरुवारी दिवसभर तो वितळवण्यात गेला, पॅक आत गेला दुपारी चारला. म्हणजे ११ पर्यंत १९ तास. आमचा टेक्निशियन, तीस वर्षं गाड्यांच्या कारखान्यात काढलेला माणूस, म्हणाला सोमवारवर ढकला, हा डबा पुरता गार व्हायला ३६ तास लागतात. बॉस म्हणाला, डब्याला बाहेरून लावलेल्या थर्मोकपलवर, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारेवर, मायनस ४० दिसतंय ना. टेक्निशियनने खांदे उडवले. त्याचं ऐकायचं नाही ही आमच्याकडे जवळजवळ पद्धतच आहे, कारण त्याच्याकडे डिग्री नाही.

पॅकच्या आत मधल्या सेलांना चिकटवलेला एक थर्मिस्टर आहे, गार होईल तसा त्याचा रेझिस्टन्स वाढतो, आणि त्यावरून बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारी यंत्रणा, स्क्रीनवर तापमान दाखवते. त्या दिवशी स्क्रीनवर होतं मायनस ३०. कोणी काही बोललं नाही, मीही नाही, कारण सॉफ्टवेअरमधलं रेझिस्टन्सचं टेबल मायनस ३० लाच संपतं. त्याखाली कितीही गार करा, स्क्रीन ३० च म्हणणार. ते टेबल वाढवायचं काम माझ्या यादीत आठ महिने पडून होतं.

लोड टाकला. व्होल्टेज धपकन खाली आलं, मग सावरलं, तिसाव्या सेकंदाला १९.१. बॉसने माझ्या पाठीवर थाप मारली. टीपॉकने व्होल्टेजचा कर्व्ह जरा जास्तच वेळ बघितला, रॉ डेटा पाठवा म्हणाला आणि गेला. दुपारी बॉसचं ईमेल गेलंसुद्धा, मायनस ४० ला पास.

रात्री झोप येईना. दीड वाजता लॅपटॉप उघडला आणि लॉगमधून थर्मिस्टरचा रॉ रेझिस्टन्स काढला. आमचा थर्मिस्टर मायनस ४० ला १,८८,००० ओहमच्या आसपास हवा आणि मायनस ३० ला १,११,०००. लोड टाकायच्या आधी तो होता १,२०,०००. म्हणजे पॅकचं पोट मायनस ३१, फार तर ३२. कातडी ४० ला, पोट ३१ ला. आपण गुलाबजाम तळताना वरून लाल आणि आत कच्चा ठेवतो तसलाच प्रकार, फक्त उलटा.

तीन वेळा हिशोब केला. साडेतीनला लॅपटॉप बंद केला.

आता टाइमशीटबद्दल सांगावं लागेल. सरकारी पैशावर चालणाऱ्या कंपनीत टाइमशीट रोजच्या रोज, स्वतःच्या हाताने भरायची, पगार मिळो न मिळो सगळे तास लिहायचे. डीसीएए नावाचं संरक्षण खात्याच्या कंत्राटांचं ऑडिट करणारं खातं आहे, त्यांचा माणूस न सांगता येऊन तुम्ही आत्ता कोणत्या प्रोजेक्टवर आहात असं टेबलापाशी विचारू शकतो. बाहेरच्यांना हा वेडेपणा वाटतो. आम्हाला बाथरूमला जाताना पण चार्ज नंबर आठवतो, म्हणजे तास कोणत्या प्रोजेक्टच्या खात्यावर टाकायचे तो आकडा. तर मी सवयीने, अक्षरशः हात आपोआप गेला, शनिवारच्या रकान्यात २ तास टाकले, आर्मीच्या प्रोजेक्टवर.

सोमवारी बॉस टाइमशीट मंजूर करत बसला होता. माझ्या खुर्चीपाशी आला, शनिवारी काय करत होतास रे, डेमो तर झाला ना. मी सांगितलं. सगळं, ओहमसकट. तो दोन मिनिटं काही बोलला नाही, मग चेंबर किती वाजता लावला होता ते विचारलं. ओरडला नाही, हे त्याच्या बाजूने लिहायला पाहिजे. त्याच दुपारी त्याने टीपॉकला फोन केला, स्पीकरवर. पलीकडून तो माणूस म्हणाला, मला वाटलंच, त्या कर्व्हचं सावरणं मायनस तीसचं होतं, मी तुमच्या मेलची वाट बघत होतो.

वाट बघत होता! हे ऐकून माझ्या पोटात काय झालं ते मला लिहिता येत नाही.

परत टेस्ट घेतली, ३८ तास मुरवून, टेक्निशियन समोर बसून. २६ व्या सेकंदाला व्होल्टेज १८ च्या खाली. चार सेकंदांनी हुकलं. रिपोर्टमधे दोन्ही टेस्ट गेल्या, दोन्ही तापमानांसकट. फेज थ्रीचं अजून काही नाही, आणि ३० सप्टेंबर २०२५ ला तर त्या कायद्याचीच मुदत संपली, नवीन काही मिळेनासं झालं, आम्ही नऊचे सात झालो.

ऑफिसात सगळे म्हणतात की मी प्रामाणिकपणे सांगितलं म्हणून नाव राहिलं. बॉसने एका मीटिंगमधे तसं बोलूनही दाखवलं. मी काही बोललो नाही. शनिवार-रविवार दोन अख्खे दिवस माझ्याकडे बॉसचा नंबर होता, मी मुलाला पोहायला नेलं, इडलीचं पीठ वाटलं, फोन नाही केला. आणि त्या दोन तासांसमोर कामाचं वर्णन लिहायचा रकाना असतो, त्यात मी लिहिलं होतं 'लॉग बघितले'. तापमान हा शब्द लिहिला नव्हता.